जिभेची भाषा

मोती घरी आला तेव्हा आईची एकच अट होती, ‘तोंड चाटू द्यायचं नाही!’ आम्हा भावंडांना तो निव्वळ दुष्टपणा वाटे. शाळेतून येऊन दप्तर टाकलं की मोती उडी मारून गाल चाटायचा आणि आम्ही ओरडायचो, ‘आई, बघ, पापा घेतोय!’

आज वाटतं, आमचं सगळं खरं नव्हतं आणि आईचं सगळं खोटं नव्हतं. तोंड चाटणं ही मुळात पिल्लांची रीत. शिकार खाऊन परतलेल्या लांडग्याचं तोंड पिल्लं चाटतात, मग तो पोटातलं अन्न ओकून त्यांना भरवतो. कुत्र्यांत ते भरवणं बरंचसं मागे पडलं, चाटणं मात्र राहिलं. शिवाय नवजात पिल्लाला आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही. ज्याच्या आयुष्याची सुरुवातच आईच्या जिभेने होते, त्याने स्वच्छता आणि माया वेगळी कशी करावी?

पण माया जिभेतच असते असंही नाही. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं. आई बाळाला पाजते तेव्हा तिच्या शरीरात स्रवतं, तेच हे संप्रेरक.

आईची अट मात्र शहाणपणाची होती. रेबीजचा विषाणू लाळेत असतो. संशयित कुत्र्याची लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला किंवा ओठांना लागली तर ती चाव्याइतकीच गंभीर मानतात. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, डोळा नुसत्या पाण्याने, आणि लगेच डॉक्टर गाठायचा. घरच्या कुत्र्याचं लसीकरण चुकवायचं नाही, हे तर झालंच.

आमची खरी चूक वेगळीच होती. म्हातारपणी मोती पुढचा पाय तासन्‌तास चाटत बसायचा. ‘किती स्वच्छ राहतो!’ म्हणून आम्ही कौतुक करायचो. तो लंगडायला लागला तेव्हा पाहिलं, तर बोटांच्या बेचक्यात काटा मोडून पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, ‘सारखं चाटल्याने जखम भरत नाही, चिघळते. कुत्रा एकच जागा चाटत राहिला, तर तिथे खाज, दुखणं नाहीतर मनाची बेचैनी आहे असं समजा.’

महाभारताच्या आरंभी सरमेचं पिल्लू मार खाऊन येतं आणि आईला सांगतं, मी हविष्याकडे पाहिलं नाही, ते चाटलंही नाही. न बघताच ठरवून टाकण्याची आपली खोड इतकी जुनी आहे! त्या भावांनी न चाटलेलं चाटलं असं ठरवलं, आम्ही वेदनेला टापटीप ठरवलं. कुत्र्यावर प्रेम करणं सोपं आहे. त्याचं म्हणणं समजून घ्यायला रोज दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि पाळण्याचा हक्क तेवढ्यानेच मिळतो, असं माझं मत आहे.

त्या दिवशी मोतीच्या पायाला पट्टी आईनेच बांधली. त्याने तिचा हात चाटला. ती काही बोलली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत जरा वेळ बसली, आणि मग उठून साबणाने हात धुवायला गेली.