हातात काय, हवाली काय?



गेल्या रविवारी सकाळी आमच्या गारखेड्यातल्या घराची बेल वाजली. दारात आमच्याच गल्लीतल्या एक भगिनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या मागे त्यांचे मिस्टर, आणि मिस्टरांच्या मागे एक भलीमोठी चाकांची बॅग. गुलमंडीवरून नुकतीच आणलेली, हँडलचे प्लॅस्टिकसुद्धा निघाले नव्हते.

"ताई, तुम्ही बोटीवर जाऊन आलात. आता लेकीनं आमचं पण तिकीट काढलंय, मुंबई ते गोवा. बॅग भरायला बसलो, पण कशात काय ठेवावं तेच कळेना. एस.टी.सारखं असतं का विमानासारखं?"

प्रश्न ऐकून आम्ही आमच्या मिस्टरांकडे पाहिले. ते गालातल्या गालात हसत होते. कारण या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोघांनी चांगली किंमत मोजून मिळवले आहे.

एस.टी.त सामान डिकीत टाकले तरी वाटेत गाडी चहाला थांबते, कंडक्टरला विनंती करून पिशवी काढता येते. रेल्वेत बॅग बर्थखाली, साखळीने बांधलेली, हात खाली घातला की लागते. विमानात सामान पोटात जाते, पण दोन-तीन तासांत पट्ट्यावर फिरत समोर येते. बोटीची तऱ्हाच निराळी. दुपारी धक्क्यावर हमालाच्या हवाली केलेली बॅग तपासणीच्या यंत्रातून जाते, बोटीच्या पोटात ढिगाने चढते, मग मजल्यामजल्यावर वाटली जाते आणि आपल्या केबिनच्या दारात कधी संध्याकाळी, तर कधी रात्री येऊन उभी राहते. माणूस बोटीवर आणि त्याचे सामानही त्याच बोटीवर, तरी मधले पाच-सहा तास दोघांची भेट नाही!

आम्हाला हे ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही गेलो. रात्रीची देवगिरी धरली, सकाळी मुंबईत उतरलो, दादरला नातेवाइकांकडे आंघोळ-जेवण उरकले आणि दुपारी बॅलार्ड पिअर गाठला. आमच्या मिस्टरांना मधुमेह, रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन लागते. इन्सुलिनची पेन, सुया, साखर तपासायचे यंत्र, सगळे आम्ही घरूनच थंडाव्याच्या पाकिटात घालून मोठ्या बॅगेत अगदी मधोमध, साड्यांच्या घडीत ठेवले होते. सुरक्षित राहावे म्हणून! धक्क्यावर गणवेशातल्या मुलाने बॅगेला केबिनच्या नंबराची चिठ्ठी अडकवली आणि गाडीवर टाकली. हात मोकळे झाले म्हणून आम्ही इतके खूश झालो, की खांद्याला नुसती पर्स अडकवून पाहुण्यासारखे बोटीवर चढलो.

जेवणाची वेळ आठची. साडेसातपर्यंत बॅग नाही. बाहेर गल्लीत इतरांच्या दारांशी बॅगा दिसत होत्या, आमचे दार रिकामे. आम्ही स्वागतकक्षात गेलो. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, मावशी, शेकडो बॅगा आहेत, मजला मजला करत येताहेत. आमच्या बॅगेत औषध आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याने लगेच फोन फिरवले, पण त्या ढिगाऱ्यातून एक काळी बॅग शोधायची कशी? सगळ्याच काळ्या! रंग विचारला, खूण विचारली. आमच्याजवळ सांगण्यासारखी खूणच नव्हती. तिकडे जेवणघरात शंभर पदार्थ मांडलेले आणि आमचे मिस्टर रिकाम्या ताटापुढे हाताची घडी घालून बसलेले. साखर किती हे पाहायलाही साधन नाही, कारण यंत्रही बॅगेतच.

सव्वानऊला बॅग आली. काही विपरीत घडले नाही. पण परत आल्यावर गारखेड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी आम्हाला शाळकरी पोरांसारखे झापले आणि ते बरोबरच होते. बोटीवाल्यांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी तिकिटासोबत पाठवलेल्या कागदावर औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, असे स्वच्छ लिहिले होते. आम्ही तो कागद वाचला नव्हता, नुसता छापून घेतला होता.

बोटीच्या सामानाचा विषय निघाला की आम्हाला आणखी एक सामान आठवते, आणि ते आपल्यापैकी कुणाला आठवणार नाही?

बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९१६ साली तिथून लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तके पेट्यांत भरली. एवढे सामान काही माणूस हातात घेऊन फिरू शकत नाही. ते थॉमस कुक कंपनीमार्फत निराळ्या बोटीने रवाना झाले. बाबासाहेब स्वतः रेल्वेने फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात आले आणि तिथून 'कैसर-इ-हिंद' बोटीत बसले. पहिले महायुद्ध जोरात होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी कसलाही विधिनिषेध न ठेवता प्रवासी आणि मालाच्या बोटी बुडवण्याचा सपाटा लावला होता. अशीच एक बोट बुडाल्याची बातमी मुंबईत आली तेव्हा घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मागाहून उलगडा झाला, की बुडाली ती सामानाची बोट. बाबासाहेब ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला सुखरूप उतरले. पेट्या समुद्राच्या तळाशी गेल्या त्या गेल्याच.

त्या सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये त्यांना मिळाले. त्याच पैशांतून काही घरखर्चाला देऊन ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. बडोद्यात पुढे काय वाढून ठेवले होते, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आम्हाला राहून राहून वाटते ते या सहाशे रुपयांचे. सामानाची किंमत ठरवणाऱ्याने पेट्या मोजल्या असतील, वजन पाहिले असेल. एखाद्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणेची किंमत तो कशी लावणार? पुढे १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले ते पुस्तकांना घर हवे म्हणून. त्यामागे या बुडालेल्या पेट्यांची हळहळ नसेल असे कोण म्हणेल?

त्या काळी बोटींच्या सामानाची एक ठरलेली पद्धत होती. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी चिकटवायची. काही पेट्यांवर 'केबिन' किंवा 'प्रवासात हवे', आणि काहींवर 'प्रवासात नको'. 'नको'ची पेटी थेट बोटीच्या तळघरात जाई, ती मुक्कामाचे बंदर आल्यावरच दिसायची. 'केबिन'ची ट्रंक मुद्दाम चपटी करत, बिछान्याखाली सरकावी म्हणून. आज प्रवास दोन रात्रींचा झाला, चिठ्ठ्या मोबाइलवर येऊ लागल्या, तरी हवे आणि नको यांची वाटणी काही सुटलेली नाही. फरक एवढाच, की आता ती आपल्यालाच घरी बसून करावी लागते.

तर आम्ही चहा संपवला आणि सरळ त्या भगिनींच्या घरी गेलो. पलंगावर सगळा पसारा मांडलेला. आम्ही म्हटले, एकेक वस्तू उचला आणि दोन प्रश्न विचारा. रात्री दहापर्यंत ही नसली तर चालेल का? आणि कायमची गेली तर चालेल का? दोन्हीला 'हो' असेल तरच मोठ्या बॅगेत.

साड्या, स्वेटर, जादा चपला, टॉवेल मुकाट मोठ्या बॅगेत गेले. औषधांचा डबा, चष्मा, आधार कार्ड, तिकिटाचा कागद, मोबाइलचा चार्जर आणि पॉवर बँक, थोडी रोकड, अंगावर घालायचा एक जोड हे सगळे खांद्याच्या पिशवीत. त्यांच्या मिस्टरांनाही मधुमेहच आहे. हा आजार आता आपल्या घरोघरी आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहू. चालू इन्सुलिनची पेन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर राहू शकते, मात्र ती उन्हात तापता कामा नये आणि बर्फाला चिकटून गोठताही कामा नये. जादा पेन आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडीदाराच्या पर्समध्ये ठेवायला सांगितली, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरी आहे.

मग गुरुजींनी, म्हणजे त्यांच्या मिस्टरांनी, एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. पाणी तापवायचा रॉड, छोटी इस्त्री, फळे कापायची सुरी. तिन्ही बाद! विजेची तापणारी उपकरणे बोटीवर चालत नाहीत, धारदार वस्तू नाहीत, दारू नाही, काड्यापेटी-लायटर नाही. भर समुद्रात आग लागली तर पळायला वाट नसते, म्हणून आगीचे नाव काढायचे नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पाहून आमच्याही तोंडाला पाणी सुटले, पण घरी शिजवलेले अन्न सहसा वर नेऊ देत नाहीत. ते देवगिरीत संपवा म्हटले. नियम बोटीगणिक थोडे वेगळे असतात, तेव्हा सोबत आलेला कागद वाचावा. आमच्यासारखा नुसता छापून घेऊ नये.

शेवटी त्या भगिनींनी कापडात गुंडाळलेली बुद्धमूर्ती काढली, चार बोटे उंचीची, सोबत दोन मेणबत्त्या आणि उदबत्तीचा पुडा. तीस वर्षांत सकाळची वंदना चुकलेली नाही. मेणबत्ती आणि उदबत्तीही नेता येणार नाही हे सांगताना आम्हाला जरा जड गेले. त्या क्षणभर थांबल्या. मग मेणबत्त्या परत कपाटात ठेवून म्हणाल्या, "त्रिसरण-पंचशीलाला कुठं काडी ओढावी लागते?" मूर्ती त्यांनी खांद्याच्या पिशवीत ठेवली. दोन्ही प्रश्न तिला विचारायची गरजच पडली नाही.

मोठ्या बॅगेच्या हँडलला आम्ही निळ्या कापडाची ठसठशीत पट्टी बांधून दिली, जुन्या प्रवासाच्या चिठ्ठ्या असल्या तर फाडायला सांगितल्या आणि आतही नाव, केबिन नंबर, फोन लिहिलेला कागद टाकला. बाहेरची चिठ्ठी तुटली तरी बॅग बेवारस होत नाही. मोबाइलवर बॅगेचा फोटोही घेतला. कुणी "कशी आहे?" विचारले तर दाखवता येतो. बॅलार्ड पिअरवर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या मोठ्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आहे, तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाल्याला जुन्या आठवणीने पत्ता सांगू नका, तिकिटावर कुठले गेट लिहिले आहे ते पाहा, हेही बजावले. नाहीतर सामानासह उन्हात पायपीट ठरलेली.

परतीचीही एक गंमत आहे. शेवटच्या रात्री मोठी बॅग भरून दाराबाहेर ठेवा म्हणतात. रात्रीतून ती गोळा होते आणि सकाळी धक्क्यावर उतरते. आमच्या मिस्टरांनी मोठ्या उत्साहाने सगळी बॅग भरली, अगदी सगळी. सकाळी उठून पाहतात तो अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि बनियन. बॅग केव्हाच गेलेली! आमची शाल पांघरून ते मुंबई बंदरात उतरले. हा प्रसंग छापायची परवानगी त्यांनी दोन वर्षांनी दिली आहे. सकाळचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढायच्या, मगच बॅगेची चेन लावायची.

गुरुजींनी निघताना एक प्रश्न विचारला, तो मात्र गंभीर होता. "ताई, बोटीला काही झालं तर ही हातातली पिशवी घेऊन पळायचं ना?"

नाही. बोट सुटायच्या सुमारास सगळ्या प्रवाशांना एकत्र करून कवायत घेतात. इटलीजवळ २०१२ साली 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बोट कलंडून ३२ माणसे मेली. त्या बोटीवर बरेच प्रवासी नुकतेच चढले होते आणि त्यांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाले, की ठरलेल्या जागी जायचे, आणि सामान घ्यायला मागे फिरायचे नाही. अरुंद जिन्यावर एकाची बॅग शंभरांची वाट अडवते. म्हणून जे औषध अजिबात चुकवता येत नाही, त्याचा एक डोस आणि ओळखपत्र अंगावरच्या खिशात असू द्यावे. पिशवी राहिली तर राहू द्यावी.

गुरुजींनी लगेच सदऱ्याला आतून खिसा शिवायला सांगितला. सूतगिरणी चौकातल्या टेलरकडे तो शिवून झाला. येत्या शुक्रवारी रात्री ते निघतील. मोठी बॅग चार दिवसांपासून दाराशी उभी आहे. खांद्याची पिशवी खुंटीला आहे, तिला कागद टाचलेला आहे : 'निघताना फ्रिजमधून इन्सुलिन.'