घरचं शिक्षण कुणाच्या जिवावर?



सेनगाव तालुक्यातल्या एका आईला शाळेत सांगितलं गेलं, "पोरीला दिसत नाही, घरीच शिकवा." आई रोजाने सोयाबीन काढायला जाते. शिकवायचं कधी, मजुरी बुडवून? ब्रेलचे सहा ठिपके तिला तरी कुणी शिकवले?

शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा अधिकार दिला. हा मुलांचा अधिकार आहे, शाळेला मिळालेली पळवाट नव्हे. २०१६ चा कायदा तर ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. पुस्तकं, साधनंही मोफत.

घरी शिकण्याला आमचा विरोध नाही. पण विशेष शिक्षक दारी येत नसेल, तर ते मुलीला कोंडणं आणि आईला बिनपगारी मास्तरीण करणं आहे. मुलगा असता तर वसतिगृहासाठी घरच्यांनी धडपड केली असती.

आपल्या गटांनी गावोगाव विचारावं: कोणती मुलगी घरी आहे? तिला शिकवायला कोण येतं? आणि शाळेचा नकार लेखी मागावा. तोंडी नकाराची दाद कुठे मागणार?