टाकी धुतली, टँकरचे काय?

मे महिना म्हणजे आपल्या व्यवसायाचा हंगाम. पुण्यात बाणेर-बालेवाडीपासून उंड्री-वाघोलीपर्यंत सोसायट्यांच्या फाटकांवर टँकर उभे राहतात आणि त्याच सुमारास टाक्या धुण्याची कामेही निघतात. आपण जमिनीखालची टाकी उपसतो, घासतो, औषध टाकतो आणि भिंतीवर तारीख रंगवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टाकीत दहा हजार लिटरचा टँकर रिकामा होतो. तो आतून शेवटचा कधी धुतला, हे ना सेक्रेटरी विचारतात, ना आपण.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. पुणे परिसरातला आकडा पुढे दोनशेवर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस आढळले, आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे वळली. यातली बरीच गावे 2021 मध्ये महापालिकेत आली, पण नळाचे जाळे त्या वेगाने आले नाही. धरण उशाशी आणि टँकर दाराशी, अशी तिथली गत. त्या दिवसांत विहिरी, बोअर, आरओ प्रकल्प सगळ्यांची तपासणी झाली. टँकरच्या पोटात मात्र फार कोणी डोकावले नाही.

डोकावलात तर काय दिसते? आतल्या आडव्या पत्र्यांच्या कोपऱ्यांत बसलेला गाळ, झाकणाखाली गंज, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी बुळबुळीत थर. पण सगळ्यांत घाण असतो तो पाइप. दिवसभर तो गाडीच्या अंगाला गुंडाळलेला असतो, फाटकापाशी डांबरावरून फरपटत जातो आणि त्याचे तोंड थेट आपण कालच धुतलेल्या टाकीत सोडले जाते. पाइपाच्या टोकाला झाकण बसवायला कितीसा खर्च येतो?

त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच. पुण्यात बांधकामासाठी एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी केंद्रातले, प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याची सक्ती आहे, आणि ती योग्यच आहे. पण सकाळी साइटवर ते पाणी टाकणारी गाडी दुपारी सोसायटीत पिण्याचे पाणी ओतणार असेल, तर कितीही ब्लीचिंग पावडर टाका, व्यर्थ. पिण्याच्या पाण्याची गाडी वेगळीच हवी. या बाबतीत तडजोड नाही.

निर्जंतुकीकरणाचे गणित अवघड नाही. आधी गाळ काढून टाकी घासायची, मग लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन बसेल असे पाणी काठोकाठ भरून चोवीस तास ठेवायचे. दहा हजार लिटरला पाचशे ग्रॅम क्लोरीन लागते, म्हणजे 25 टक्के ताकदीची पावडर दोन किलो. पोते उघडे राहिले असेल तर ती ताकद उरलेली नसते, हे सांगायला नकोच. व्हॉल्व्ह उघडून पाइपही त्याच पाण्याने भरून ठेवा, नंतर सगळे खळबळून धुवा. हंगामात गाडी एक दिवस उभी ठेवायची म्हटली की मालकाच्या पोटात गोळा येतो. म्हणून हे काम मार्चमध्येच उरकायला हवे होते. राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून फिरत्या घरांच्या छोट्या टाक्याही आपल्या कक्षेत आल्या आहेत. नियम तोच, शंभर लिटरला वीस ग्रॅम. फक्त पावडर थेट न टाकता पाण्यात कालवून वरचे नितळ द्रावणच घ्या, नाहीतर पंप चोंदेल.

पाणी ओतताना टीडीएस मीटर दाखवून ग्राहकाला खूश करणे बंद करा. टीडीएसला जंतू कळत नाहीत. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे उरलेले मुक्त क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावे, विषाणूंपासून संरक्षण हवे तेव्हा 0.5. पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर अर्धा तास द्या आणि मगच ते मोजा. पिवळा रंग देणाऱ्या जुन्या ओटी द्रावणापेक्षा गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी बरी.

आणि टाकीत माणूस उतरवताना घाई नको. 2025 च्या मार्चमध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत चार मजूर गुदमरून गेले. झाकणे उघडून, ब्लोअरने हवा खेळवून, कमरेला दोर बांधून आणि वर एक माणूस उभा करूनच उतरा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टँकरमालकांना विनंती आहे: पावतीवर तीन गोष्टी लिहा. पाणी कुठे भरले, टाकी कधी निर्जंतुक केली आणि ओतताना क्लोरीन किती होते. टाक्या धुणाऱ्या ठेकेदारांनी काम संपवून निघताना सेक्रेटरींना सांगावे, की अशी पावती नसेल तर झाकण उघडू नका.