कळव्याच्या सर्जनला संशोधनाचा दिवस द्या!



आपल्या कोपरीत कान वाहू लागला की आधी लसणाचं तेल, मग मेडिकलमधले ड्रॉप्स, आणि शेवटी कळवा. तिथलं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिका चालवते, आपल्या कराच्या पैशांतून. म्हणून हक्काने मागतो आहोत: कान-नाक-घशाच्या तरुण सर्जनांना ऑपरेशनइतकंच संशोधनही शिकवा, आणि त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ओपीडीतून मोकळा ठेवा.

रुग्णांची रांग लागलेली असताना संशोधन कसलं, असं कुणी म्हणेल. त्याने परळच्या टाटा रुग्णालयाकडे बघावं. तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. तरी मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनला काढायच्या, की गाठ दिसेपर्यंत थांबायचं? जगभरचे सर्जन यावर अनेक दशकं वाद घालत होते. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून रुग्णांचे दोन गट केले आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. 2015 मध्ये 500 रुग्णांचा निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. यासाठी नवं औषध लागलं नाही की महागडं यंत्र. लागली ती नेटाने ठेवलेली नोंद.

सर्जन घडवणाऱ्या एम.एस. पदवीला प्रबंध सक्तीचा असतो. पण रात्रपाळ्यांच्या धबडग्यात तो बहुतेक ठिकाणी उरकला जातो आणि कपाटात जाऊन पडतो. केसपेपर तर रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घरी जातो! कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून फाटलेल्या पडद्याला ठिगळ लावलं. दोन पावसाळ्यांनी ते टिकलं का, ऐकू किती येतं, हे कुणी विचारलंच नाही तर कळणार कसं?

आणि प्रश्न फक्त ऑपरेशनचा नाही. आनंदनगर नाक्यावर दिवसभर गोंगाटात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाचे कान कुणी तपासायचे? ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ध्वनिप्रदूषणाविरुद्ध निकाल दिला. वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत ती मोडते तेव्हा आपल्या पोरांच्या कानांचं काय होतं, हे मोजणारा सर्जन आपल्याला हवा आहे.

त्याला संख्याशास्त्राचा जाणकार हवा, शिकवणारा मार्गदर्शक हवा, रुग्णांना परत बोलावणारा एक कर्मचारी हवा. मतं मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला गटार-पाण्याबरोबर हेही विचारा: यंदाच्या अर्थसंकल्पात यासाठी किती रुपये ठेवणार?

– कोपरीतील नागरिक