भाड्याचं घर, वाळूचं बेट

"अजून भाड्याच्याच घरात?"

माझ्या लेकीला हा प्रश्न गेली सहा वर्षं विचारला जातो आहे. विचारणारी सगळी आपलीच माणसं. तिची आत्या विचारते, माझी धाकटी बहीण विचारते, पुण्याचे भाऊजी तर दर दिवाळीला कर्जाच्या हप्त्याचं गणित मांडून दाखवतात. "भाडं म्हणजे पैसा पाण्यात" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकते. विषय आमच्या घरातला आहे, पण तेवढ्यापुरताच नाही, म्हणून बाकीच्या ब्लॉगर मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

लेक राहते गॅल्व्हेस्टनला. टेक्सासच्या किनाऱ्याला लागून, मेक्सिकोच्या आखातातलं बेट. लांबी सत्तावीस मैल, रुंदी जास्तीत जास्त तीन. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती ५३,६९५, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. तिथे १८९१ पासून मोठं वैद्यकीय विद्यापीठ आहे, त्याच्या प्रयोगशाळेत ती काम करते. मी बहुतेक हिवाळ्यात जाते. एकदा ऑगस्टपर्यंत राहिले होते, तेव्हा घामाने कळलं की उपोष्ण कटिबंध हा शब्द मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिला तो काय असतो! (नकाशा काढून बघा, हे बेट जवळपास पानिपतच्या अक्षांशावर आहे.) मीठ बरणीत दगड होतं, पापड वाळत नाहीत, लोखंडी कडी वर्षभरात गंजते. समुद्र निळाशार नाही बरं का. मिसिसिपी आणि तिच्या फाट्यांचा गाळ किनाऱ्याकिनाऱ्याने वाहत येतो, म्हणून पाणी गढूळ, आपल्या कृष्णेला श्रावणात असतं तसं. नारळीच्या बागा शोधायला जाऊ नये. कण्हेर मात्र गल्लोगल्ली फुललेली असते, गावाची ओळखच कण्हेरीचं गाव अशी आहे. आणि रस्त्यांना नावांऐवजी अक्षरं आहेत, त्यातही एम आणि एनच्या मध्ये 'एम अर्धा'. आम्ही त्याला घरात साडे-एम म्हणतो.

तर घर का घेत नाही? आधी भूगोल. हे बेट खडकाचं नाही, वाळूचं आहे. लाटांनी आणि प्रवाहांनी रचलेला वाळूचा बांध. असे बांध स्थिर नसतात. वादळ येतं, एका बाजूची वाळू उचलतं आणि दुसरीकडे टाकतं. निसर्गाच्या हिशेबात तो सरकणारा जिन्नस आहे. त्यावर माणसाने सातबारा काढला.

मग इतिहास. ८ सप्टेंबर १९०० ला इथे जे चक्रीवादळ आलं, तेवढी माणसं अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही नैसर्गिक संकटात गेलेली नाहीत. कमीत कमी सहा हजार. तेव्हा गावाची वस्ती अडतीस हजारांच्या आत होती, म्हणजे सहा-सात माणसांत एक. त्यानंतर त्यांनी सतरा फूट उंचीची भिंत बांधली. पहिला टप्पा १९०४ ला पुरा झाला. पण खरी कमाल पुढची. १९०३ ला त्यांनी गावच उचलायला घेतलं! घरं जॅकवर चढवायची, खाली समुद्रातून उपसलेल्या वाळूचा चिखल नळाने सोडायचा, पाणी निथळलं की जमीन वर आलेली. दोन हजारांहून जास्त इमारती अशा वर घेतल्या. काही वर्षं लोक लाकडी फळ्यांच्या पुलावरून ये-जा करत होते. मी वर्गात हे सांगितलं असतं तर मुलांनी "बाई, खरंच?" असं विचारलं असतं.

यात एक गोष्ट माझ्या मनात राहिली. वाळू भरण्याचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला, पण घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. म्हणजे बेटावर मालक असणं म्हणजे काय, हे तेव्हाच ठरलं. भाऊजींच्या गणितात नेमका हाच रकाना नाही.

आजही तसंच आहे. कर्ज काढून घर घेतलं की नेहमीचा घराचा विमा एक. वाऱ्याचा विमा वेगळा, कारण किनाऱ्यालगत बऱ्याच खाजगी कंपन्या तो देत नाहीत, म्हणून १९७१ पासून राज्याने त्यासाठी निराळी संस्था केली आहे. पुराचा तिसरा, तो केंद्र सरकारच्या योजनेतला. तीन विमे, शिवाय घरपट्टी, आणि टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून घरपट्टी चांगलीच चढी. बरं, विमा असला तरी प्रश्न सुटतोच असं नाही. १३ सप्टेंबर २००८ ला आईक नावाचं वादळ आलं, तेव्हा काही घरांचा फक्त ओटा उरला. मग वाद काय? घर वाऱ्याने पडलं की पाण्याने! वाऱ्याने असेल तर एक विमा, पाण्याने असेल तर दुसरा. साक्षीदार घर तर वाहून गेलेलं. कोर्टकज्जे झाले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात या विद्यापीठाने हजारो कर्मचाऱ्यांना कमी करायचा निर्णय घेतला. नोकरी गेली, घर चिखलात आणि हप्ता चालू, अशा माणसापेक्षा चार पेट्या उचलून दुसऱ्या गावी जाऊ शकणारा बिऱ्हाडकरू त्या दिवशी जास्त मोकळा होता. तेव्हा पैसा पाण्यात कोणाचा गेला, ते भाऊजींनी सांगावं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: वाळूच्या बेटावर भाड्याने राहणं यात कमीपणा काही नाही. दुसऱ्याच्या पायाची जबाबदारी आपल्या डोक्यावर न घेता आपण काम करतो, गावाला उपयोगी पडतो, हे पुरेसं आहे.

पण.

भाडेकरू मोकळा असतो तसा तो उघडाही असतो. आम्ही सांगलीकर आहोत, आम्हाला हे शिकवायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरची बिऱ्हाडं पाहिली मी. घर मालकाचं, ते धुऊन उभं राहिलं. पिंपातलं वर्षाचं धान्य, शिलाई मशीन, मुलांची दप्तरं बिऱ्हाडकरूची, त्यांची नोंद कोण घेणार?

टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२२ पासून एक बरा कायदा आला. घर पूरक्षेत्रात आहे का आणि गेल्या पाच वर्षांत तिथे पाणी शिरलं होतं का, हे मालकाने करारापूर्वीच भाडेकरूला लेखी द्यायचं. लेकीने शेवटचा करार केला तेव्हा तो कागद मी दोनदा वाचला. त्यात असंही असतं की भाडेकरूच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान सहसा धरलेलं नसतं. म्हणजे आपल्या सामानासाठी पुराचा विमा वेगळा काढायचा. तो काढला तरी साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, वादळ टीव्हीवर दिसल्यावर काढून उपयोग नाही. आणखी एक कलम: घर पूर्ण निकामी झालं तर मालक किंवा भाडेकरू कोणीही लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. कोणीही, हा शब्द लक्षात घ्या. वादळानंतर मालकही आपल्याला मोकळं करू शकतो. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारावर नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि खरा उपद्रव वादळाचा नाहीच, तो शनिवार-रविवारचा आहे. लेकीच्या गल्लीत अकरा घरं. दोन घरांत मालक राहतात, तीन घरांत वर्षभराचे भाडेकरू. उरलेल्या सहांच्या दारांवर आकडे दाबून उघडायची कुलपं. पाहुणे इंटरनेटवरून पैसे भरतात, शुक्रवारी आकडे दाबून आत येतात, रविवारी जातात. मंगळवारी रात्री गल्लीत चालत गेलं तर सहा घरं काळोखी. साखर संपली तर कोणाच्या दारात जायचं?

लेकीच्या मालकिणीनेही आता पत्र पाठवलं आहे. जुलैअखेर करार संपतो, पुढे ते घरही पाहुण्यांना द्यायचा विचार आहे. मला त्या बाईंची बाजू कळते. वयाने माझ्याएवढ्याच, विम्याचे हप्ते चढत चाललेत, उन्हाळ्याच्या चार शनिवार-रविवारांत महिन्याचं भाडं सुटतं. त्यांच्या जागी मी असते तर मोह झालाच असता. पण हाच विचार सगळ्या मालकांनी केला की गावाचं काय होतं? हॉस्पिटलातल्या नर्सेस, हॉटेलातले आचारी, त्याच पाहुण्यांच्या चादरी बदलणाऱ्या बाया, सगळ्यांनी मुख्य भूमीवर घर शोधायचं आणि रोज खाडीवरचा पूल ओलांडून यायचं.

आईकनंतर इथली सरकारी भाड्याची ५६९ घरं पाडली गेली आणि ती परत बांधायची की नाहीत यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. गरीब भाडेकरू परत यायला नकोत, असं उघड बोलणारेही होते. मला हे वाचून राग आला, आजही येतो. किनारा सगळ्यांचा, असा कायदा याच राज्याने १९५९ साली केला. वाळूवर कोणीही चालावं, कोणी अडवू शकत नाही. उत्तम. पण त्या वाळूवरचा कचरा पहाटे उचलणाऱ्याला रात्री टेकायला जागा नसेल, तर त्या कायद्याचं मी अर्धंच कौतुक करीन.

करायचं काय? राहत्या घरातली एखादी खोली पाहुण्यांना देणाऱ्याला अडवू नये, त्यातून म्हाताऱ्यांचा विमा भरला जातो. पण मालक राहत नाही अशी आख्खी घरं एका गल्लीत किती असावीत याला मर्यादा हवी. पाहुण्यांकडून गाव कर घेतं. तो मुख्यतः पर्यटनाच्या कामांवरच खर्चायचा असा राज्याचा कायदा आहे, तो बदलावा आणि त्यातला काही भाग कामगारांच्या भाड्याच्या घरांवर घालावा. चादर बदलणारी बाई हा पर्यटनाचा भाग नाही तर काय आहे? मी तिथली मतदार नाही, परकी बाई, मला विचारतंय कोण! पण शिक्षिकेची खोड आहे, चूक दिसली की लाल पेन उघडतंच.

लेक सध्या दोन घरं बघते आहे. एक बेटावरच, साडे-एमच्या मागे, जिना मोडका पण खांब उंच. दुसरं पुलापलीकडे, स्वस्त आणि नवं. तिला पहिलं हवंय. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळाने वीज घालवली, तेव्हा समोरच्या भाडेकरूने आपल्या जनरेटरची वायर हिच्या फ्रिजपर्यंत आणून दिली होती. तो माणूस गल्लीच्या टोकाला आहे, म्हणून. मी काही बोलले नाही. दोन्ही घरांचे पुराचे कागद मात्र मागवून घ्यायला सांगितलेत.

तेव्हा वन्सं, धाकटे आणि भाऊजी, पुढच्या फोनला "घर कधी घेणार" असं तिला विचारू नका. १ जूनला तिथला वादळांचा हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर चालतो. तीस दिवसांचा हिशेब मागे मोजा आणि विचारायचंच असेल तर एवढं विचारा, की पुराचा विमा काढलास का. मी विचारलं तर म्हणते, "आई, किती वेळा सांगू!" तुमचं कदाचित ऐकेल.