विश्लेषण : मैफल शाळेच्या वर्गात भरली तर? डोंगरीच्या मुलांपर्यंत ‘चेंबर म्युझिक’ कसे पोहोचेल?

डोंगरी म्हटले की मुंबईतली डोंगरी आठवते. मीरा-भाईंदरमधील डोंगरी अलीकडे चर्चेत आली ती मेट्रो-९ ची कारशेड आणि त्यासाठीच्या वृक्षतोडीच्या वादामुळे. शहर इथवर येते ते कारशेड घेऊन. त्याच शहरातले संगीत मात्र इथल्या शाळेत येत नाही. ते का यावे आणि कसे येऊ शकते, याविषयी...

चेंबर म्युझिक म्हणजे काय?

चेंबर म्हणजे खोली. मोठ्या सभागृहासाठी नव्हे, तर खोलीत मोजक्या श्रोत्यांसमोर दोन ते आठ-दहा वादकांनी वाजवायचे हे पाश्चात्त्य संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असे चौघांचे ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ हा त्याचा सर्वपरिचित प्रकार. त्यात संचालक नसतो. वादक एकमेकांचे ऐकत, नजरेने खुणावत वाजवतात. आपल्या बैठकीशी त्याचे नाते जवळचे आहे. दोन्हींत कलाकार हाताच्या अंतरावर असतो.

मोबाइलवर ऐकले तर काय बिघडते?

चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झवर वाजते. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतक्या खालच्या कंपनांसाठी पुरेशी हवा हलवू शकत नाही. मेंदू वरच्या स्वरांवरून खालचा सूर ताडतो. पण बाकाच्या लाकडातून जाणवणारी थरथर मुलांना मिळत नाही. सूर चुकल्यावर वादक तो कसा सावरतो, हेही संपादित व्हिडीओत दिसत नाही.

असा प्रयोग कुणी केला आहे का?

आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ मध्ये ‘स्पिक मॅके’ सुरू केली. संस्था स्वयंसेवकांच्या बळावर चालते, प्रवेश विनामूल्य असतो आणि नामवंत कलाकार थेट शाळा-महाविद्यालयांत येऊन गातात, वाजवतात, समजावूनही सांगतात. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ स्थापून वंचित मुलांच्या हाती व्हायोलिन, चेलो दिले. मुंबईत ‘एनसीपीए’मध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. म्हणजे वादकही आहेत आणि शाळेत जाण्याचा अनुभवही.

मग डोंगरीची अडचण काय?

अंतर. नरिमन पॉइंटपासून भाईंदर स्थानक सुमारे ४० किलोमीटर. तिथून पुढे पुन्हा रस्त्याचा प्रवास. पालकांनी रोजंदारी बुडवून मुलांना तिथे न्यावे, ही अपेक्षाच चूक आहे. हे संगीत इथे परकेही नाही. उत्तन, डोंगरी, गोराई या पट्ट्यात ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावे आहेत. चर्चमधील गायनवृंद आणि लग्नातला ब्रासबँड इथल्या मुलांच्या कानावरचा आहे. उणीव आहे ती शांतपणे बसून ऐकण्याच्या संधीची. शाळेत संगीत येते ते बहुधा स्नेहसंमेलनात, मोठ्या स्पीकरवर.

खर्च आणि सोय कशी होणार?

चौघा वादकांना हव्यात बिनहाताच्या चार खुर्च्या, एक वर्ग आणि ४० मिनिटे. माइक नको, मंडप नको, प्रमुख पाहुणे तर नकोतच. रस्त्याकडची खिडकी आणि शक्य असेल तर पंखा तेवढा बंद ठेवावा. खरा खर्च मानधन आणि वाहनाचा. एका दिवसात परिसरातील दोन-तीन शाळा घेतल्या, तर तो वाटला जाईल.

धोरणात जागा आहे का?

आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात १० दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडून शिकण्यासाठी. शाळांनी निवासी कलाकार ठेवावेत, असेही धोरण म्हणते. या १० पैकी एक दिवस मीरा-भाईंदर महापालिकेने आणि खासगी शाळांनी मैफलीला द्यावा. मात्र एकदाच येऊन फोटो काढून जाणारी मैफल उपयोगाची नाही. वर्षातून दोनदा तेच वादक आले, तर दुसऱ्या खेपेला मुले प्रश्न विचारतील. त्यातील एखादे मूल वादक होईलही. पण उरलेल्यांना लक्ष देऊन ऐकता येऊ लागले, तरी दप्तराविनाचा तो दिवस सार्थकी लागला म्हणायचा.