आडनावामागचे गाव

गेल्या महिन्यातली गोष्ट. इंग्रजीचे सर रजेवर होते, म्हणून नववीचा तास आमच्याकडे आला. आमचे विषय उर्दू आणि मराठी. तेव्हा मुलांना वाचनालयातली पुस्तके वाटली आणि एकेकाला उभे राहून वाचायला सांगितले. हॅरी पॉटरच्या गोष्टीत एका मुलाचे आडनाव आले ‘लाँगबॉटम’, आणि सारा वर्ग खिदळला. ‘बॉटम’चा एकच अर्थ मुलांना ठाऊक होता. तो येथे लिहायला नको.

त्या गलक्यात एक मुलगी मात्र मान खाली घालून बसली होती. ती जूनमध्ये कोकणातून आमच्या शाळेत आली. तिच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. “मुसलमानांत असले आडनाव असते का?” असे विचारून मुलींनी तिला हैराण केले होते. तिने वहीवर आडनाव लिहिणेच सोडून दिले होते. फक्त स्वतःचे आणि अब्बांचे नाव लिही. खरे सांगायचे तर सुरुवात आमच्यापासूनच झाली होती. पहिल्या दिवशी हजेरी घेताना आम्हीच सर्वांसमोर म्हणालो होतो, “हे आडनाव कसे काय?” मनात काही नव्हते, पण वर्गाने ते उचलले.

मग पुस्तके बाजूला ठेवायला सांगितली आणि इंग्रजांच्या आडनावांवरच बोललो. वाचकहो, तेच या महिन्यात तुमच्यापुढे मांडतो.

‘बॉटम’ म्हणजे तळ. पूर्वी डोंगरांमधल्या दरीच्या तळालाही हाच शब्द होता. लाँगबॉटम हे यॉर्कशायरकडचे आडनाव. अर्थ एवढाच, की लांब दरीत राहणारा. अशी साधी आडनावे इंग्रजांत पुष्कळ आहेत. टेकडीवर राहणारा हिल, रानाजवळचा वुड, ओढ्याकाठचा ब्रूक, गावाच्या टोकाला घर असलेला टाउनसेंड. आपल्याला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते क्लेमंट अ‍ॅटली. त्यांच्या आडनावात ‘अ‍ॅट’ आणि ‘ली’ असे दोन शब्द आहेत. ‘ली’ म्हणजे झाडे तोडून रानात केलेली मोकळी जागा. तेथे राहणारा तो अ‍ॅटली. अ‍ॅशली, ब्रॅडली, स्टॅनली यांतली ‘ली’सुद्धा तीच.

आता ‘टन’ पाहा. हा आणि ‘टाउन’ हा शब्द मुळात एकच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता कुंपण. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘त्साउन’ आजही कुंपणालाच म्हणतात. कुंपणापासून कुंपणातले शेत-घर, मग गाव, आणि शेवटी शहर, असा हा शब्द वाढत गेला. न्यूटन म्हणजे नवे गाव. आपल्या विदर्भात नवेगाव आहे, तशी इंग्लंडमध्ये न्यूटन नावाची कितीतरी गावे आहेत. म्हणजे आयझॅक न्यूटन हे आपल्या भाषेत ‘नवेगावकर’ झाले!

पण त्यांचा जन्म न्यूटन गावचा नाही. ते जन्मले लिंकनशायरमधल्या वूल्सथॉर्प या वस्तीत. ‘थॉर्प’ हा डेन्मार्ककडून आलेल्या लोकांचा शब्द, म्हणजे आपली वाडी. एका मुलाने लगेच विचारले, “सर, मग ते वूल्सथॉर्प का नाहीत?”

प्रश्न लाखमोलाचा होता. गावावरून आडनाव पडते ते बहुधा गाव सोडल्यावर. न्यूटन गावात सगळेच न्यूटनचे, तेथे त्या नावाने कोणाला ओळखणार? त्यातला एक जण दुसऱ्या गावी गेला, तेथे आधीच चार जॉन होते, तेव्हा लोक त्याला ‘न्यूटनचा जॉन’ म्हणू लागले. राजापुरात राजापूरकर म्हणून हाक मारून काय उपयोग? 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर जमीनदारांत अशी आडनावे रुजली. साधारण 1400 पर्यंत ती सामान्य लोकांतही पिढीजात झाली. मग ते गाव मुलाने पाहिलेले असो वा नसो, आडनाव त्याच्याकडे येऊ लागले. वॉशिंग्टन हे उत्तर इंग्लंडमधले, पूर्वी डरहॅम परगण्यात असलेले गाव. त्यावरून एका घराण्याचे आडनाव पडले, त्या घराण्यातले जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या आडनावावरून राजधानीचे नाव पडले.

मात्र गावे अनेक असल्यामुळे सगळे न्यूटन एकमेकांचे नातलग नाहीत. आडनावावरून कूळही ठरत नाही, तर माणसाची लायकी काय ठरणार!

गावच्या माणसाला हसायची खोड मात्र जुनी आहे. ‘व्हिलन’ हा शब्द सिनेमामुळे आपल्या घराघरांत पोहोचला. मुळात तो जमीनदाराच्या जमिनीवर राबणारा साधा शेतकरी. वरच्या लोकांनी आधी त्याला अडाणी ठरवले, मग नीच, आणि शेवटी तो बदमाश झाला. आपल्याकडे ‘गावंढळ’ म्हणतात, त्याच वाटेने.

आता आपल्या घरात येऊ. इमाम बुखारी (रह.) बुखाऱ्याचे, इमाम तिर्मिझी (रह.) तिर्मिझचे. अरबी-फारसीतली शेवटची ‘ई’ जे काम करते, तेच मराठीत ‘कर’ करतो. नवव्या शतकात बगदादमध्ये गणिताचे काम करणारे अल-ख्वारिझ्मी, म्हणजे ख्वारिझम प्रांताचे. युरोपच्या लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचा उच्चार बदलला आणि त्यातूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. मोबाइल हातात असलेल्या प्रत्येक मुलाने तो ऐकलेला असतो.

आम्ही वर्गाला म्हणालो, “बुखारी चालते, लुधियानवी चालते, मग ‘कर’ का चालू नये? गाव अरबस्तानातले असो की कोकणातले, ‘ई’ने ईमान वाढत नाही आणि ‘कर’ने घटत नाही.” सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना नावे ठेवण्याची मनाई आहे आणि कौम-कबिले हे ओळखीसाठी आहेत असेही सांगितले आहे, याची आठवण करून दिली. शेवटी पहिल्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल आम्ही त्या मुलीची सर्वांसमोर माफी मागितली.

ती लगेच काही बोलली नाही. तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि म्हणाली, “सर, दादी सांगते, आमचे गाव खाडीच्या पलीकडे आहे. आता तिथे आमचे कोणीच नाही.”

पुढच्या आठवड्यात वह्या तपासायला आल्या. तिच्या वहीवर पूर्ण नाव होते.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात दादा-दादी, नाना-नानी असतील तर या जुम्म्याला मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि आपले आडनाव कोठून आले ते विचारू द्या. गाव निघेल, धंदा निघेल, एखाद्या बुजुर्गाचे नाव निघेल. आणि ते आजच वहीत लिहून ठेवा.